वर्गणीविना दूरचित्रवाणी आणि गावची शाळा

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. जून उजाडला, नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, तरी वर्गांची कुलुपे निघाली नाहीत. पाठ मोबाइलवरून पाठविण्याची व्यवस्था झाली खरी. परंतु ज्या घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर सकाळी शेतावर किंवा मजुरीवर जाणारा, त्या घरातील मुलांपर्यंत हे पाठ पोहोचावयाचे कसे? त्याच वर्षी २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर इयत्ता पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती. तिला इंटरनेट लागत नव्हते, की मुलाच्या नावाने कोठे नोंदणी करावी लागत नव्हती. घरात दूरचित्रवाणी संच असला आणि त्यावर सह्याद्री दिसत असली म्हणजे झाले.

अडचण या शेवटच्या अटीत होती. अनेक घरांत संच होता, पण केबलची वर्गणी थकलेली किंवा खाजगी छत्रीचा 'रिचार्ज' संपलेला. हाताला काम नसलेल्या दिवसांत असे होणे स्वाभाविकच होय. पैसे संपले, की दूरचित्रवाणी बंद, अशी बहुतेकांची समजूत असते. सह्याद्री ही वर्गणीविना घेता येणारी वाहिनी आहे आणि ती वर्गणीविना घरात आणण्याची वेगळी वाट उपलब्ध आहे, हे पालकांना सांगणारे गावात कोणी नसेल, तर ती उणीव शिक्षकानेच भरून काढावयास हवी. त्यासाठी प्रथम ही व्यवस्था कशी चालते, ते नीट समजून घेतले पाहिजे.

दूरचित्रवाणीचे चित्र घरी येण्याचे मार्ग मुख्यतः तीन. उंच मनोऱ्यावरून प्रसारित झालेल्या लहरी अँटेनाने पकडणे हा पहिला. आकाशातील उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी छत्रीने झेलणे हा दुसरा. आणि गावातील किंवा शहरातील केबलचालकाने एका ठिकाणी वाहिन्या घेऊन त्या तारेने घरोघर देणे हा तिसरा. तिसऱ्या मार्गात तार टाकणाऱ्यास वर्गणी देणे ओघानेच आले. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार ही मूळ आकारणी महिना १३० रुपयांपर्यंत आणि त्यावर १८ टक्के कर अशी होती. म्हणजे एकही सशुल्क वाहिनी न घेता वर्षाकाठी सुमारे १,८४० रुपये होतात. पुढे २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाही काढून घेण्यात आली. पहिल्या दोन मार्गांत मात्र लहरी सर्वत्र सारख्याच पसरतात. एका घराने त्या घेतल्या म्हणून शेजाऱ्याच्या वाट्याच्या कमी होत नाहीत, आणि शंभर शाळांनी घेतल्या तरी प्रसारणाचा खर्च रुपयानेही वाढत नाही. वर्गणीवाचून ही सेवा देता येते, ती यामुळे.

मनोऱ्याचा मार्ग मराठवाड्यातील जुन्या पिढीला चांगला परिचित आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे प्रक्षेपक राज्यभर उभे राहिले. खुलताबाद तालुक्यातील म्हैसमाळचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच. दूरदर्शनचा मनोरा तेथे उभा राहिला, तो या उंचीमुळे. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर किंवा जमिनीचा बाक आड आला, की चित्र फिकट होते. म्हणून सखल भागातील गावांत बांबूला बांधलेली अॅल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना म्हैसमाळच्या दिशेने फिरवीत एक जण गच्चीवर आणि 'आले का?' या त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा दुसरा खाली, हे दृश्य घरोघरी दिसत असे. त्या काळात संच बाळगण्याबद्दल पोस्टात परवाना शुल्क भरावे लागे. ते १९८० च्या दशकाच्या मध्यास रद्द झाले. पुण्यातील 'बालचित्रवाणी' या संस्थेने १९८४ पासून शालेय मुलांसाठी तयार केलेले कार्यक्रम अनेक शिक्षकांनी विद्यार्थिदशेत अशाच अँटेनांवर पाहिले असतील. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

जुन्या पद्धतीचे हे प्रक्षेपकही आता इतिहासजमा झाले आहेत. सीमावर्ती व मोक्याच्या ठिकाणचे थोडे प्रक्षेपक वगळून बाकीचे २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने ठरविले आणि त्याप्रमाणे ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. त्याआधी २५ फेब्रुवारी २०१६ पासून दूरदर्शनने देशातील १६ शहरांत मनोऱ्यावरूनच, पण अंकीय पद्धतीने प्रसारण सुरू केले. त्या यादीत दिल्ली, मुंबई, कोलकाता यांच्याबरोबर औरंगाबादचेही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे नाव होते. राज्यातून मुंबईखेरीज एवढे एकच शहर त्या यादीत आले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. तथापि या पद्धतीला संचात 'डीव्हीबी-टी२' ही सोय असावी लागते, आणि तिचा लाभ शहर व त्याच्या परिसरापुरताच असतो. सोयगाव किंवा वैजापूर तालुक्यातील शाळेने तिच्या भरवशावर अँटेना विकत घेण्याची घाई करू नये. जुनी अँटेना अद्याप छपरावर असेल, तर ती उतरवून तिचा खांब छत्रीसाठी वापरणे अधिक शहाणपणाचे.

गावच्या शाळेसाठी खरा मार्ग उपग्रहाचा. दूरदर्शनने १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ३३ वाहिन्यांची निःशुल्क सेवा सुरू केली. तीच आज 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते आणि तिच्यावरील वाहिन्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. छत्री, तिच्यापुढील एलएनबी, तार आणि सेट टॉप बॉक्स एवढेच सामान लागते. साधारणतः दोन हजार रुपयांच्या आत हे सारे मिळते, आणि तो खर्च एकदाच. त्यानंतर दरमहा काहीही भरावयाचे नसते. या सेवेसाठी कोणी महिन्याची वर्गणी किंवा 'रिचार्ज' मागत असेल, तर ती मागणी गैर आहे, हे पालकांना निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.

मग ही सेवा चालते कोणाच्या पैशावर, असा प्रश्न चौकस पालक विचारतील. शासकीय वाहिन्यांचा भार सार्वजनिक निधीवर असतो. खाजगी वाहिन्या मात्र या सेवेवर जागा मिळविण्यासाठी प्रसार भारतीच्या लिलावात बोली लावतात आणि ते पैसे जाहिरातींतून भरून काढतात. प्रेक्षकाकडून वर्गणी घेणाऱ्या वाहिन्या येथे दिसत नाहीत, त्याचे कारण हेच. लिलावाबरोबर वाहिन्यांची अदलाबदल होते; काल दिसणारी वाहिनी आज नाहीशी झाली, तर छत्री बिघडली असे समजू नये. सेट टॉप बॉक्सवर वाहिन्यांचा शोध पुन्हा एकदा चालवावा.

ही सेवा ज्या उपग्रहावरून येते, तो जीसॅट-१५. युरोपच्या एरियान-५ या अग्निबाणाने, दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथील कूरू तळावरून ११ नोव्हेंबर २०१५ च्या पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे, तो सोडण्यात आला. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो आहे. एवढ्या उंचीवरील उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी घेण्यास पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच वेळ लागतो. म्हणून जमिनीवरून पाहता तो एकाच जागी खिळल्यासारखा राहतो. चंद्र किंवा तारे सरकतात, तसा हा सरकत नाही. छत्री एकदा बसविली, की पुन्हा फिरवावी लागत नाही, ती यामुळे. पूर्वी ही सेवा इन्सॅट-४बी या उपग्रहावर होती. तोही याच रेखांशावर असल्यामुळे उपग्रह बदलला तरी घरोघरच्या छत्र्या जागच्या हलवाव्या लागल्या नाहीत.

छत्री शाळेत आणण्याची कल्पना मात्र अजिबात नवी नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने भारतात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविण्यात आले होते. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. पण सीमेपलीकडील गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे जिल्हे त्यात होते. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास गावकऱ्यांसाठी कार्यक्रम असत. प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणासाठीही या उपग्रहाचा उपयोग करण्यात आला. त्या वेळची छत्री जाळीची आणि तीन मीटर व्यासाची होती. ती बसविणे हे गावातील एक कार्यच असे. आजची छत्री ६० सेंटिमीटरची का पुरते? तेव्हाच्या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर होती, आजच्यांची अडीच-पावणेतीन सेंटिमीटर. लहर जितकी आखूड, तितकी ती लहान छत्रीने नेमकी गोळा करता येते.

आता छत्री बसविण्याविषयी. याच बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो, आणि कारागिराला बोलावले तर त्याची मजुरी कधी कधी सामानाच्या किमतीला जाऊन भिडते. वस्तुतः हे काम सातवीच्या मुलांना घेऊन शिक्षक स्वतः करू शकेल. उपग्रहाचा व आपल्या गावाचा रेखांश आणि अक्षांश ठाऊक असले, म्हणजे दिशा गणिताने काढता येते. छत्रपती संभाजीनगर शहरासाठी ती अशी : उत्तरेपासून पूर्वेकडून मोजत १३६ अंश, म्हणजे जवळजवळ अचूक आग्नेय, आणि क्षितिजापासून वर ५९ अंश. जिल्ह्यातील अन्य गावांसाठी यात अंशभराचाच फरक पडतो. अंतर सुमारे ३६,६०० किलोमीटर. उपग्रहाकडून निघालेली लहर सेकंदाच्या आठव्या हिश्शात शाळेच्या गच्चीवर येते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

प्रथम जागा निवडावी. आग्नेयेकडे झाड, टाकी किंवा उंच भिंत आड येता कामा नये. याची परीक्षा सोपी आहे. अडथळा छत्रीच्या पातळीपासून जितका उंच असेल, त्याच्या किमान सहा दशांश अंतर छत्रीने त्यापासून राखावे. दहा मीटर उंचीच्या कडुनिंबापासून सहा मीटरांहून थोडे अधिक अंतर पुरेल. मात्र झाड वाढते, याचेही भान असावे. पत्र्याच्या छपरावर छत्री बसवू नये; वाऱ्याने पत्रा थरथरला, की चित्र तुटते. स्लॅब किंवा पक्की भिंत उत्तम. खांब ओळंब्यात उभा हवा. तो तिरपा असेल, तर पुढची सारी मापे चुकतात, आणि बहुतेक फसलेल्या प्रयत्नांचे मूळ येथेच सापडते.

छत्रीच्या मागील पट्टीवर अंश कोरलेले असतात. तेथे ५९ ची खूण जुळवावी. या वेळी छत्री अपेक्षेपेक्षा बरीच उभी दिसते आणि नवख्या माणसाला शंका येते. या छत्रीचा आकार पूर्ण वाटीचा नसून वाटीच्या एका बाजूच्या कापासारखा असतो. म्हणून ती समोर पाहते असे वाटले, तरी प्रत्यक्षात त्याहून सुमारे पंचवीस अंश वर पाहत असते. पट्टीवरील आकड्यावर विश्वास ठेवावा, डोळ्यांवर ठेवू नये. एलएनबीही सरळ बसवून चालत नाही. उपग्रहाच्या लहरी एका विशिष्ट प्रतलात कंप पावतात आणि आपल्या ठिकाणाहून ते प्रतल कललेले दिसते. छत्रीच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड केले असता, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुमारे ४० अंश एलएनबी फिरवावा लागतो. त्यानंतर नट अर्धवट आवळून, सेट टॉप बॉक्सवरील संकेताची पट्टी पाहत छत्री डावी-उजवीकडे अगदी थोडी थोडी सरकवावी. प्रत्येक सरकवणीनंतर तीन-चार सेकंद थांबावे, कारण बॉक्सला संकेत ओळखण्यास वेळ लागतो. घाईने फिरविणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो. तीन अंशांच्या आत-बाहेर सगळा खेळ आहे.

होकायंत्र नसेल, तरी अडण्याचे कारण नाही. वर्षातून दोनदा सूर्यच ही दिशा दाखवितो. २ ऑक्टोबरच्या सुमारास सकाळी ११ ला पाच-सहा मिनिटे कमी असताना आणि १२ मार्चच्या सुमारास ११ वाजून १४ मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीशी येतो. गांधी जयंतीला मुले शाळेत जमलेलीच असतात. त्या वेळी अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी. तिची सावली सुमारे ६० सेंटिमीटर लांब आणि वायव्येकडे पडलेली दिसेल. सावलीच्या टोकापासून काठीच्या बुडाकडे काढलेली रेषा पुढे वाढविली, की ती उपग्रहाची दिशा. ती रेषा फरशीवर रंगाने कायम करून ठेवावी. छत्री वर्षातून केव्हाही बसवायची झाली, तरी तिचा उपयोग होतो. आधीच बसविलेल्या छत्रीची परीक्षा घ्यायची असेल, तर तिच्या मध्यावर नखाएवढा आरशाचा तुकडा पृष्ठाला सपाट चिकटवावा. याच वेळी त्याचा कवडसा एलएनबीच्या तोंडावर पडला, तर छत्री अचूक आहे. तुकडा नंतर काढून टाकावा, आणि मुलांनी सूर्याकडे थेट पाहू नये, याची दक्षता घ्यावी. भूगोल, भूमिती व विज्ञान हे तीन विषय एकाच तासात असे सहज एकत्र येतात, तेव्हा ती संधी दवडू नये.

छत्री लागली म्हणजे काय काय मिळते, हे पाहणेही अगत्याचे. सह्याद्रीचा उल्लेख वर आलाच आहे. १७ मे २०२० रोजी केंद्र शासनाने 'पीएम ई-विद्या' या योजनेची घोषणा केली. तीत पहिली ते बारावी अशा प्रत्येक इयत्तेसाठी एक वाहिनी होती. राज्यांना प्रादेशिक भाषांतून पूरक शिक्षण देता यावे, म्हणून या बारा वाहिन्यांच्या २०० करण्याचे २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. उच्च शिक्षणासाठीच्या 'स्वयंप्रभा' वाहिन्या २०१७ पासून याच उपग्रहावरून येतात. स्वतःचे शिक्षण पुढे चालविणाऱ्या शिक्षकांना त्यांचा उपयोग होईल. सेट टॉप बॉक्स घेताना मात्र तो 'एमपेग-४' जातीचा आहे, याची खात्री करून घ्यावी. जुन्या जातीचा बॉक्स थोडा स्वस्त मिळतो, पण त्यावर बऱ्याच वाहिन्या उमटतच नाहीत, आणि नेमक्या शैक्षणिक वाहिन्यांना मुकण्याचा प्रसंग येतो.

याच छत्रीवरून चित्रपट आणि गाणीही येतात, हे लपविण्यात अर्थ नाही. संच दिवसभर चालू ठेवून मुलांना त्यासमोर बसविणे म्हणजे अध्यापन नव्हे. वीस मिनिटांचा कार्यक्रम, त्याआधी पाच मिनिटांची प्रस्तावना आणि नंतर फळ्यावर दहा मिनिटांची चर्चा, एवढे पुरे. दूरचित्रवाणीवरील शिक्षकाला मुलांचा चेहरा दिसत नाही. कोणाला समजले नाही, ते त्याला कळत नाही. ते वर्गातील शिक्षकालाच पाहावे लागते.

ज्या मुलांसाठी ही खटपट विशेष मोलाची, ती ऊसतोड मजुरांची मुले. दिवाळीनंतर मराठवाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मुलांच्या शाळेत चार-पाच महिन्यांचा खंड पडतो. जी मुले गावातील हंगामी वसतिगृहात मागे राहतात, त्यांच्या संध्याकाळी रिकाम्या असतात. तेथे एक छत्री आणि एक संच बसविता आला, तर अभ्यासाचा एक तास त्यांच्या वाट्याला येतो. जी मुले आई-वडिलांबरोबर जातात, त्यांच्या तळावरही हीच सेवा मिळू शकते. उपग्रहाचा प्रकाशझोत साऱ्या देशावर पडतो. पश्चिम महाराष्ट्रात गेल्यावर कोनात थोडा बदल करावा लागतो, एवढेच. जाणाऱ्या पालकाच्या हाती ते माप कागदावर लिहून द्यावे.

देखभालीचे काम थोडे आहे. गच्चीवरील तारेचे जोड प्लॅस्टिकच्या पट्टीने गुंडाळून ठेवावेत. आत पाणी शिरले, की तांबे हिरवे पडते आणि संकेत दुबळा होतो. जोडणी करताना मधली तांब्याची तार बाहेरच्या जाळीला टेकणार नाही, हे पाहावे. विजा चमकू लागल्या, म्हणजे बॉक्सची तार व वीजजोडणी दोन्ही काढून ठेवावीत. मुसळधार पावसात चित्र काही मिनिटे जाते. ते पाण्याच्या थेंबांनी लहरी शोषल्यामुळे होय, तेव्हा छत्रीला हात लावू नये. मार्च व ऑक्टोबरमधील वर सांगितलेल्या तारखांच्या मागेपुढे दोन-तीन दिवस, सकाळी ११ च्या सुमारास, सूर्याच्या तेजाने उपग्रहाचा संकेत झाकला जाऊन चित्र थोडा वेळ नाहीसे होते. त्या दिवसांत दूरचित्रवाणीचा तास दुपारी ठेवावा.